संकेतस्थळी रोज रात्री

आमच्या परीक्षकांच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं मराठी शिकवलेलं. लेकीकडे, वसईला अंबाडी रोडवर, चार दिवस राहायला आल्या आणि पहिल्याच रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठल्या, तर जावई बाहेरच्या खोलीत अंधारात कॉम्प्युटरपुढे बसून गालातल्या गालात हसताहेत. सकाळी त्यांनी लेकीला एका बाजूला घेऊन विचारलं, "हे रात्रीचे काय करतात गं?"

"संकेतस्थळं बघतात," लेक पोळी उलटत म्हणाली.

बाईंच्या हातातला कप बशीत वाजला. त्यांनी जन्मभर शिकवलेल्या मराठीत संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायची जागा. "अनेकवचनात?" एवढंच त्या म्हणाल्या.

गैरसमज संध्याकाळपर्यंत मिटला. पण माझं मत विचाराल तर बाईंचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. हा गृहस्थ दिवसा अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब बघतो. संध्याकाळी विरार लोकलनं घरी येतो, जेवतो, "पाच मिनिटांत आलो गं" म्हणतो आणि दुसऱ्यांच्या वेबसाइटवर जाऊन बसतो. त्या पाच मिनिटांना आता पंधरा वर्षं होऊन गेली.

वसई, नालासोपारा, विरार आणि आजूबाजूच्या गावांतल्या उत्तम वेबसाइटना हा माणूस दरवर्षी पुरस्कार देतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. या पुरस्काराचं नाव मी इथे सांगत नाही, कारण ते सांगायला सुरुवात केली की नायगावला केलेली सुरुवात वसई रोड आलं तरी संपत नाही. संस्थापक तोच, अध्यक्ष तोच, छाननी समिती, निवड समिती आणि तक्रार निवारण समितीही तोच. निवड समितीच्या निर्णयाविरुद्ध तक्रार निवारण समितीकडे गेलेल्या एका डेकोरेटरला एकाच माणसानं दोन वेगवेगळ्या आवाजांत उत्तर दिलं होतं. अख्खी सोसायटी त्यांना 'परीक्षक' म्हणते. वहिनीसुद्धा वॉचमनला सांगतात, "परीक्षक आले की पाण्याची मोटर बंद करायला सांग."

माझी ओळख लोकलमध्येच झाली. मी मोबाइलवर एका दुकानाची साइट उघडायला बघत होतो. मागून खांद्यावर एक हनुवटी आली. "उघडत नाही ना?" आवाज डॉक्टरांचा असतो तसा, आधीच निदान झालेला. "उघडणार नाही. पहिल्या पानावरच मालकाचा फोटो आहे. लग्नातला. मूळ आकारात." मी वळून पाहिलं. खिशाला दोन पेनं, हातात छत्री, डोळ्यांत करुणा. त्या दिवशी वसई रोड येईपर्यंत मी सहपरीक्षक झालो होतो. माझी पात्रता विचाराल तर मी एकदा दिवाळी अंकात लेख लिहिला होता, आणि मला मिरा रोडपासून खिडकी मिळाली होती.

परीक्षकांचा पिंडच असा की त्यांना जगात जे जे दिसतं ते वेबसाइट म्हणून दिसतं. जीवदानीला आम्ही एकदा सहकुटुंब गेलो. हजाराच्या वर पायऱ्या. निम्म्यावर मी कठडा धरून उभा राहिलो, तर हे घाम पुसत म्हणाले, "स्क्रोल जास्त आहे. पण वर आशय आहे म्हणून लोक येतात." वसईच्या किल्ल्याबद्दल त्यांचा शेरा असा : "मुखपृष्ठ भव्य. आतल्या लिंका सगळ्या तुटक्या. आणि सुरक्षा म्हणाल, तर १७३९ साली चिमाजीअप्पांनी पासवर्ड विचारलाच नाही, सुरुंग लावला." सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला, तिथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. परीक्षकांच्या लेखी तीच आपल्या तालुक्यातली सर्वोत्तम साइट. "मजकूर मोजका, अक्षर ठसठशीत, सव्वादोन हजार वर्षांनीही उघडते. फक्त होस्टिंग सोपाऱ्याहून मुंबईच्या म्युझियममध्ये हलवलंय."

लग्नाची पत्रिका आली की ते आधी उलटी करून बघतात. "पत्ता मागे टाकलाय. माणूस कसा पोचणार?" मग आत बघतात. "व्याह्यांची नावं अठरा, आणि मुहूर्ताची वेळ सगळ्यात बारीक." वहिनी म्हणतात, "अहो, आहेर काय करायचा ते बोला."

हा आजार जडला कसा, त्याची हकिगत त्यांनी मला हप्त्याहप्त्यानं, बोरिवली ते वसई रोड अशी सांगितली आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेनं. ते वसईत पोचून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. प्लायवूडचे खुराडे, पडदा लावलेला, आत एक पंखा आणि तासावर पैसे. परीक्षक तेव्हा तरुण होते. एका क्लासात एचटीएमएल शिकले होते आणि त्यांनी वसईच्या सुकेळ्यांवर एक पान बनवलं होतं. वसईची केळी वाळवून केलेली सुकेळी म्हणजे काय चीज आहे हे जगाला कळावं, हा हेतू. पानाच्या वरच्या बाजूला 'सुस्वागतम्' हा शब्द उजवीकडून डावीकडे पळत होता. खाली किती लोक येऊन गेले ते सांगणारा मीटर होता. मीटर ४३ दाखवत होता, त्यातले ४० वेळा हेच आलेले.

त्या काळात परदेशात वेबसाइटना बक्षिसं द्यायची मोठी साथ होती. १९९४ पासून ग्लेन डेव्हिस नावाचा माणूस रोज एक 'आजची झकास साइट' निवडत असे. १९९६ मध्ये वेबी पुरस्कार सुरू झाले. मग ज्याला त्याला हुरूप आला. जो उठेल तो सोनेरी बिल्ल्याचं एक चित्र बनवायचा आणि लोकांना मेल करायचा की अभिनंदन, तुम्ही जिंकलात. असाच एक बिल्ला सुकेळ्यांच्या पानाला आला. परीक्षकांनी तो रंगीत प्रिंट काढून फ्रेम केला. तेव्हा रंगीत प्रिंट ही चैन होती. आईनं त्याला हळदकुंकू लावलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी त्यांना कळलं की तो पुरस्कार देणारा निवड समितीचा अध्यक्ष आठवीतला पोरगा होता आणि त्यानं तो मागेल त्याला दिला होता. दुसरा एखादा माणूस खचला असता. परीक्षकांना उलट साक्षात्कार झाला. ते म्हणतात, "मला तेव्हा समजलं. पुरस्कार घ्यायला पात्रता लागते. द्यायला लागत नाही."

त्यांच्या देव्हाऱ्यातलं दुसरं दैवत म्हणजे रॉब फोर्ड. या इंग्रज गृहस्थानं २००० साली एफडब्ल्यूए नावाचा वेबसाइट पुरस्कार सुरू केला आणि पुढे जगभरचे डिझायनर त्याची वाट बघायला लागले. "एकट्या माणसानं सुरू केलं," परीक्षक तर्जनी वर करून सांगतात. मग २००९ उजाडलं. त्या वर्षी स्पेनमध्ये ऑवॉर्ड्‌स सुरू झाले, नावातच सलग तीन डब्ल्यू असलेले. आणि त्याच वर्षी, ३ जुलैला, चार नगरपालिका आणि पन्नासच्या वर गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. दुसऱ्याला या दोन गोष्टींत काही संबंध दिसला नसता. परीक्षकांना दिसला. "शहर झालं," ते म्हणाले, "मग शहराला पुरस्कार नको?"

पहिल्या वर्षी प्रवेशिका आल्या सहा आणि विभाग होते नऊ. परीक्षकांनी तिघांना फोन करून विनंती केली की कृपया आपण दोन-दोन बक्षिसं घ्यावीत. एकानं विचारलं, "दोन घेतली तर डिपॉझिट किती?"

इथे त्यांच्या परीक्षणपद्धतीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण विनोदाचा भाग सोडला तर ती पद्धत मला कुठल्याही परदेशी पुरस्कारापेक्षा कडक वाटते. चाचण्या तीन.

पहिली खाडीपूल चाचणी. भाईंदर सुटलं की गाडी वसईच्या खाडीवर येते. खाली पाणजू बेट, दारात वारा खाणारी माणसं, आणि मोबाइलचं नेटवर्क आचके देतंय. नेमक्या त्या क्षणी परीक्षक साइट उघडतात आणि घड्याळ लावतात. पूल संपायच्या आत पान दिसलं तर उत्तीर्ण. नायगावला दिसलं तर काठावर पास. पहिल्याच पानावर व्हिडिओ टाकून ठेवणाऱ्या अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टचं पान विरारला गाडी यार्डात जायला निघाली तेव्हा उघडलं. त्यात समुद्र दिसत होता. परीक्षकांनी शेरा लिहिला : 'भरती उशिरा येते.'

दुसरी सासूबाई चाचणी. त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या त्या आता कायमच्याच इथे असतात, आणि जावयाच्या नादाला पहिली शरण कोण गेलं असेल तर त्याच. त्यांच्या हातात फोन द्यायचा, साइट उघडून द्यायची आणि म्हणायचं, "आई, यांचा फोन नंबर शोधा." दहा सेकंदांत सापडला पाहिजे. परीक्षकांच्या मते वेबसाइट म्हणजे शेवटी दुकानाची पाटी. पाटी वाचून माणूस आत आला नाही तर सोन्याची असली तरी काय करायचंय? एका साइटवर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते हे तुम्हाला-मला माहीत. बाई चष्मा पुसून म्हणाल्या, "इथे सही करायची आहे का?" तो डिझायनर पुण्याहून शिकून आलेला, त्याचे पंधरा गुण गेले. बाईंचे शेरेही वहीत शब्दशः उतरवले जातात. 'वळण चांगलं, मजकूर पाठ केलेला' हा शेरा एका कोचिंग क्लासच्या साइटला मिळाला आणि त्यांनी तो अभिमानानं फ्लेक्सवर छापला.

तिसरी जोडाक्षर चाचणी. मराठी साइटचं एकेकाळी काय होतं ते आता नव्या पोरांना सांगून पटत नाही. कुणी शिवाजी फॉन्टमध्ये लिहायचा, कुणी श्रीलिपीत, आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग वाचा. म्हणजे पाहुण्याला आधी विहीर खण म्हणायचं आणि मग पाणी द्यायचं. युनिकोड आलं, विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला, आणि हळूहळू मराठी सगळीकडे मराठीसारखी दिसू लागली. पण पूर्ण नाही. परीक्षक भिंगातून बघतात. एका केटररच्या साइटवर 'पुऱ्या' ऐवजी 'पुर्या' होतं. परीक्षकांनी त्याला पत्र लिहिलं : 'रफार डोक्यावर गेला आहे. अशा पुरीला कुणी फुगवू शकत नाही.' केटरर घरी आला, पुऱ्या घेऊन.

हो, पत्र. प्रत्येक प्रवेशिकेला, जिंकलेल्या आणि हरलेल्या, परीक्षक हातानं पत्र लिहितात. काय आवडलं, काय खटकलं, कुठे हिरवा रंग डोळ्यांना बोचतो, कुठल्या चित्रामागे अक्षर बुडालं. कमीत कमी दीड पान. वहिनी म्हणतात, "भाऊजी, लग्न ठरल्यावर सहा महिने होते मध्ये. मला एक पोस्टकार्ड आलं. त्यातही पिनकोड तपासून कळवा असं होतं."

मी एकदा त्यांना विचारलं, मेल का करत नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही. "मेल कोण वाचतं?" वेबसाइटचे पुरस्कार देणारा माणूस हे म्हणाला.

पैशाचा मामला असा : डोमेनचं वार्षिक भाडं वहिनींच्या भिशीतून जातं आणि त्या त्याला 'कुलाचार' म्हणतात. प्रवेश फी नाही. मराठी मुलखात पुरस्कार हा धंदा किती जोरात चालतो हे तुम्ही जाणता. ठरावीक रक्कम भरा आणि हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन 'उद्योगरत्न' घेऊन जा, फोटो वेगळा. त्या सवयीमुळे परीक्षकांना येणारा पहिला फोन बहुधा "किती बसतील?" असाच असतो. काही नाही म्हटलं की माणसाचा विश्वास उडतो. एका बिल्डरनं सरळ देकार दिला : हॉल माझा, जेवण माझं, ट्रॉफ्या माझ्या, फक्त पहिला नंबरही माझा. त्याच्या साइटवर विसाव्या मजल्यावरची गच्ची आणि समोर निळाशार समुद्र होता. परीक्षक एका रविवारी रिक्षा करून प्रत्यक्ष जागेवर गेले, सातव्या मजल्यापर्यंत झालेलं बांधकाम चढून आले आणि त्यांनी पत्र लिहिलं : 'संकेतस्थळावरून समुद्र दिसतो. इमारतीवरून रेल्वे यार्ड दिसतं. कृपया दोन्हीपैकी एक दुरुस्त करावं.' त्या वर्षी समारंभ आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला.

समारंभांची कथा तर वेगळीच. ट्रॉफ्या मिळतात त्या क्रिकेटच्या टुर्नामेंटसाठी बनवलेल्या, कारण गावोगावच्या मैदानांमुळे त्याच स्वस्त पडतात. वर बॅट उगारलेला एक सोनेरी माणूस असतो. परीक्षक आदल्या रात्री स्क्रू काढून ते सगळे फलंदाज उतरवतात. एकदा एक राहून गेला. विजेती एक ब्यूटीपार्लरवाली होती. ती ट्रॉफी बघत राहिली, तर परीक्षक शांतपणे म्हणाले, "ते कर्सरचं प्रतीक आहे."

वेबी पुरस्कारांत विजेत्यानं आभाराचं भाषण पाच शब्दांत करायचं असतं. जगात गाजलेला नियम आहे. परीक्षकांना तो फार आवडतो, आणि एका वर्षी त्यांनी तो वसईत लागू केला. विजेत्यांनी पाळलाही. मंडपवाला म्हणाला, "सगळी देवीची कृपा, चहा घ्या." मोजा, पाच आहेत. पण प्रमुख पाहुण्यांना कुणी नियम सांगितलाच नव्हता. ते माइकवर आले आणि "मी फक्त पाचच शब्द बोलणार" अशी सुरुवात करून पंचेचाळीस मिनिटं बोलले. त्यात इंटरनेट पुराणकाळापासून आहे, हेही आलं. परीक्षकांनी मागे उभं राहून घड्याळ लावलं होतं. नंतर पाहुण्यांनाही पत्र गेलं : 'पान उघडायला वेळ लागतो.'

जुलै २०१८ मध्ये सोहळ्याची तारीख ठरली, पाटी रंगली आणि पाऊस कोसळला. वसई, नालासोपारा पाण्यात. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं, लोकल थांबल्या, वीज गेली ती लवकर परत यायचं नाव घेईना. मोबाइल मेले. तिसऱ्या मजल्यावरून खाली बघावं तर पार्किंगमध्ये मोटरसायकलींचे फक्त आरसे वर. निकाल त्या दिवशी साइटवर जाहीर व्हायचा होता. परीक्षकांनी सोसायटीचा नोटीस बोर्ड सोडवून पहिल्या मजल्याच्या जिन्यात आणला आणि उत्कृष्ट वेबसाइट पुरस्कारांचा संपूर्ण निकाल त्यावर खडूनं लिहिला. नऊ विभाग, सुवाच्य अक्षर, खाली रेघ. जिन्यानं दूध-मेणबत्त्या शोधत उतरणारी माणसं थांबून वाचत होती. परीक्षकांच्या आयुष्यात कुठलाही निकाल इतक्या लोकांनी वाचला नव्हता. सासूबाईंनी वरून बघितलं आणि म्हणाल्या, "लगेच उघडलं हो."

सरकारही या क्षेत्रात आहे. केंद्र सरकारनं 'वेब रत्न' पुरस्कार काढले तेव्हा परीक्षक खूश झाले होते. पण २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शंभर दिवसांची मोहीम काढून सरकारी कार्यालयांना गुण दिले, त्यात वेबसाइटही तपासली, आणि पोलीस अधीक्षकांच्या गटात आमच्या पालघरचा पहिला नंबर आला. परीक्षकांना एकीकडे जिल्ह्याचा अभिमान, दुसरीकडे आपल्या शेतात कुणी न विचारता नांगर घातल्याचं दुःख. "खाडीपूल चाचणी केली असेल का त्यांनी?" ते रात्रभर विचारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केली. निकाल मला सांगितला नाही. "पोलीस आहेत," एवढंच म्हणाले.

या खटाटोपातलं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. वेबसाइट मरतात. कुणी भाडं भरायचं विसरतो, कुणाचं दुकान बंद होतं, कुणाचा भाचा, ज्यानं ती बनवली, तो कॅनडाला जातो आणि पासवर्ड बरोबर नेतो. पहिल्या वर्षीच्या विजेत्यांतली एकही आज उघडत नाही. म्हणजे एक उघडते. ती होती आगाशीकडच्या एका भजनी मंडळाची. मंडळानं नाव नव्यानं नोंदवलं नाही, ते कुणी तरी उचललं, आणि आता तिथे ऑनलाइन रमी चालते. पुरस्कार काढून घ्यावा की काय, यावर निवड समितीची बैठक झाली. परीक्षक आणि मी, चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये, उभ्यानं. दादर ते बोरिवली ते गप्प होते. मग त्यांनी वहीत लिहिलं : 'मांडणी पूर्वीइतकीच चांगली. आशय बदलला आहे. पुरस्कार कायम.'

वही मात्र टिकली आहे. सगळ्या साइट कशा दिसत होत्या, कुठे काय होतं, कोणता रंग, कोणतं अक्षर, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं तिच्यात. सुकेळीवाल्याची, बोळिंजच्या फुलवाल्याची, उमेळ्याच्या बेकरीची, शिकवण्यांची, मंडपांची. ज्या साइट त्यांच्या मालकांनीसुद्धा दोनदा पाहिल्या नसतील त्या या माणसानं पाच-पाच वेळा पाहिल्यात. आमच्या भागात सगळी जनता पहाटे गाडी धरते आणि रात्री परत येते. कामं होतात भरपूर. झालेल्या कामासमोर थांबून 'बघू जरा' म्हणणारा एक माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो.

दोन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजातल्या मुलीची प्रवेशिका आली. वडिलांची बँजो पार्टी. तिनं त्यांच्यासाठी एक पान बनवलेलं. एक फोटो, तीन दर, एक फोन नंबर. पूल अर्ध्यावर असताना उघडलं. सासूबाईंना चार सेकंद लागले, त्यातले दोन चष्म्याचे. पहिलं बक्षीस बिनविरोध. तरीही परीक्षकांनी सवयीप्रमाणे चार पानी पत्र धाडलं, अकरा मुद्द्यांचं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. हातानं लिहिलेलं. आधी अकरा मुद्द्यांपैकी नऊ दुरुस्त केल्याचं, आणि दोन का केले नाहीत त्याचं कारण. मग नवं पान, आणि वर शीर्षक : 'आपल्या पुरस्काराच्या संकेतस्थळाचे परीक्षण'. आपला एवढा मोठा पुरस्कार, त्याची स्वतःची साइट परीक्षकांनी २०१० साली बनवली होती आणि तिला कुणी परीक्षा लावलीच नव्हती. मुलीनं लावली. खाडीपूल : 'नायगाव गेलं, वसई गेलं, मी नालासोपाऱ्याला उतरले, पान उघडलं नाही.' जोडाक्षर : '"सर्वोत्कृष्ट" हा शब्द आपण तीन प्रकारे लिहिला आहे, त्यातला एकही बरोबर नाही.' फोन नंबर : 'सापडला नाही. माझ्या आजीलाही दिला. तिलाही सापडला नाही. आजी म्हणाली, देऊन टाक त्यांना एखादं, माणूस मेहनती दिसतो.' एकूण गुण शंभरपैकी ३१. शिफारस : उत्तेजनार्थ.

परीक्षक ते पत्र घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, आता संपलं. तर त्यांचा चेहरा असा, की मुंजीतसुद्धा झाला नसेल. "बघितलं का?" ते म्हणाले. "तिनं सगळी पानं उघडलीत. सगळी. तळाचीसुद्धा."

ते पत्र आता फ्रेम होऊन बाहेरच्या खोलीत लागलं आहे, आठवीतल्या पोरानं दिलेल्या सोनेरी बिल्ल्याशेजारी. ती मुलगी गेल्या वर्षीपासून निवड समितीवर आहे, त्यामुळे तक्रार निवारण समितीला प्रथमच काम मिळालं आहे. साइट नव्यानं झाली. पूल संपायच्या आत उघडते. फोन नंबर अगदी वर, ठळक अक्षरांत आहे. परीक्षक लोकलमध्ये असताना त्यांना नेटवर्क नसतं, म्हणून नंबर वहिनींचा दिला आहे.

यंदाच्या प्रवेशिका आजपर्यंत १७ आल्यात आणि मुदत तिसऱ्यांदा वाढवली आहे. तुमची वेबसाइट असेल तर पाठवा, फी नाही. चौकशी दुपारी चारनंतर करावी, फोन वहिनी उचलतात. आधी सुकेळी नाहीत म्हणून सांगतील, मग विचारा.